प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पियानो सुरात ठेवायचा तर

व्यापारी प्रदर्शनात कारखान्यांकडून माल घ्यायला आलेला विक्रेता एका पियानोपाशी जेमतेम पाच-दहा मिनिटं थांबतो. दोन-चार तुकडे वाजवतो, झाकणाखाली डोकावतो आणि मनाशी काय ते ठरवून पुढच्या स्टॉलवर जातो. तेवढ्या वेळात सूर उतरलेला निघाला, एखादी पट्टी अडकली किंवा पेडल कुरकुरलं, तर लाकूड किती वर्षं वाळवलं होतं हे सांगण्यात काही अर्थ उरत नाही. आणि पियानोसाठी प्रदर्शनाच्या हॉलइतकी वाईट जागा शोधून सापडणार नाही. मालाची दारं उघडी, रात्री वातानुकूलन बंद, डोक्यावर प्रखर दिवे आणि पलीकडे कुणीतरी ड्रम बडवतंय. म्हणून तयारीची सुरुवात हॉलच्या हवेपासून करायची. सजावट नंतर.

हवेचं गणित

पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. या तारा ज्या घोडीवरून जातात ती साउंडबोर्डवर, म्हणजे स्प्रूसच्या पातळ फळीवर बसवलेली असते, आणि ही फळी मधोमध किंचित फुगीर असते. हवेत ओल वाढली की फुगवटा वाढतो, घोडी तारांना वर रेटते आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की उलट. हा फरक सगळीकडे सारखा पडला असता तर फारसं बिघडलं नसतं. पण खर्जातल्या तांबं गुंडाळलेल्या तारा संपून साध्या पोलादी तारा सुरू होतात, त्या सांध्याच्या वरच्या अंगाला तो सर्वांत जास्त असतो. त्यामुळे खर्ज जागेवर, टिपेचे सूर जवळपास जागेवर आणि मधलं सप्तक मात्र भलतीकडे, असा प्रकार होतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय बिनसलं ते सांगता येत नाही, पण वाद्य नकोसं वाटतं.

४० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता पियानोला मानवते. अशा हवेत लाकडातलं पाणी आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. मात्र लाकूड सावकाश बदलतं. पहिला परिणाम दिवसभरात दिसतो, पुरता बदल व्हायला आठवडे लागतात. चार दिवसांच्या प्रदर्शनात पियानो एकदाही स्थिर होत नाही, तो सतत सरकत असतो. सगळं वेळापत्रक हे धरूनच आखावं लागतं.

जागा घेताना

नकाशा हातात आला की तीन गोष्टी शोधा: माल आत येण्याची दारं, छतातले हवेचे डक्ट आणि शेजारी कोण आहे ते. डक्टचा झोत थेट अंगावर येणारी जागा मोक्याची असली तरी सोडून द्यावी. पियानोवाल्यांना बंद दालन मिळत असेल तर मुख्य रस्त्यावरच्या कोपऱ्यापेक्षा ते कधीही बरं. माणसं कमी फिरकतील, पण जी येतील त्यांना ऐकू येईल. अमेरिकेतल्या नॅम शो या वाद्यांच्या मेळ्यामागची संघटना १९०१ साली पियानो विक्रेत्यांनीच काढली होती. आज त्याच मेळ्यात गिटार, ड्रम आणि ध्वनियंत्रणांचा गलका इतका असतो, की पियानोला शांत कोपरा मागून घ्यावा लागतो.

स्टॉलला लाकडी चौथरा करणार असाल तर तो पोकळ ठेवू नका. पोकळ चौथरा खर्जाच्या सुरांबरोबर घुमतो आणि चांगला पियानो ढोबळ वाटायला लागतो. शिवाय पावणेतीन मीटरचा कॉन्सर्ट ग्रँड (मैफलीचा, आडव्या तारांचा पियानो) ४८० किलोच्या आसपास भरतो आणि तो सगळा भार तीन चाकांवर येतो. प्रत्येक चाकाखाली जाड प्लायवुड आणि त्यावर चाकाची वाटी हवीच. अपराइटचा, म्हणजे उभ्या पियानोचा, साउंडबोर्ड मागच्या बाजूला असतो, म्हणून तो पातळ पार्टिशनला टेकवायचा नाही. पार्टिशन खडखडतं आणि दोष पियानोच्या माथी येतो. मध्ये दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा.

दिव्यांचा झोत उघड्या झाकणातून थेट तारांवर पडता कामा नये. पोलादी तार तापली की ताबडतोब सैलावते, खालची बिडाची प्लेट मात्र एवढ्या लवकर तापत नाही. सकाळी नीट लावलेला पियानो दिवे लावल्यावर काही मिनिटांत उतरतो, तो यामुळे. एलईडी वापरा, बाजूने टाका, आणि ट्यूनिंग नेहमी दिवे लावून, अर्धा तास जाऊ देऊन मगच करा.

विजेची मागणी नोंदवताना चोवीस तासांचा पुरवठा वेगळा मागावा लागतो, हे बरेच जण विसरतात. हॉल बंद झाला की स्टॉलची वीज जाते, आणि साउंडबोर्डखाली बसवलेलं आर्द्रता-नियंत्रण नेमकं रात्री, गरज असते तेव्हाच बंद पडतं. स्वयंचलित वाजणाऱ्या पियानोंसाठी त्या देशातला व्होल्टेजही आधीच तपासा.

कारखान्यातून निघण्याआधी

नुकत्या तारा भरलेला पियानो प्रदर्शनाला नेऊ नये. नवी तार ताणत राहते; मधे पुरेसे दिवस सोडून किमान चार-पाच वेळा सूर लावल्याशिवाय ती धरत नाही. वाद्य निवडताना सर्वांत चमकदार वाजणाऱ्यापेक्षा सर्वांत स्थिर असलेलं घ्या.

अ‍ॅक्शनची मापं एका कागदावर लिहून ती पियानोबरोबर पाठवा; अ‍ॅक्शन म्हणजे पट्टी दाबल्यावर हॅमर, म्हणजे फेल्टचा हातोडा, तारेवर मारणारी यंत्रणा. ग्रँडला हॅमर आणि तार यांतलं अंतर ४५ ते ४७ मिलिमीटर, पट्टीची खोली सुमारे १०, पट्टी सावकाश दाबल्यावर हॅमर तारेपासून दीड ते दोन मिलिमीटरवर सुटायला, म्हणजे पट्टीच्या रेट्यातून मोकळा व्हायला हवा आणि सुटल्यावर आणखी साधारण तेवढाच खाली यायला हवा. जोरात वाजवल्यावर बॅकचेकनं, म्हणजे परतणारा हॅमर धरणाऱ्या तुकड्यानं, त्याला तारेपासून १५ मिलिमीटरवर पकडलं पाहिजे. अपराइटमध्ये हॅमर तीन मिलिमीटरवर सुटला तरी चालतं. काही कारागीर हे सुटण्याचं अंतर एका मिलिमीटरवर आणून फार हलकं वाजवता येईल असं करतात. मैफलीच्या सभागृहात ते शोभून दिसतं, पण प्रदर्शनात हवा ओली झाली, फेल्ट फुगलं, की हॅमर सुटण्याऐवजी तारेवर दबून राहतो आणि सूर मुका होतो. दोनवर ठेवा आणि निश्चिंत राहा.

व्हॉइसिंगच्या, म्हणजे हॅमरचं फेल्ट कडक-मऊ करून आवाजाचा पोत जुळवण्याच्या, बाबतीत मोह आवरावा लागतो. हॉलच्या गोंगाटात आवाज उठून दिसावा म्हणून हॅमरच्या फेल्टवर कडक करणारं द्रावण टाकलं, तर स्टॉलवर काम भागतं. पण तोच पियानो विक्रेत्याच्या शांत दालनात गेला की कानात टोचतो आणि फोन येतो. त्यापेक्षा हॅमर सुराच्या तिन्ही तारांना (मधल्या आणि वरच्या सुरांना प्रत्येकी तीन तारा असतात) एकाच वेळी टेकतो का ते पाहा. तारा समपातळीत आणून हॅमरचं टोक त्यांच्याशी जुळवलं की आवाज स्वच्छ आणि मोठा येतो, द्रावणाची गरजच पडत नाही.

निघण्याआधीचं शेवटचं काम म्हणजे शांत खोलीत प्रत्येक वाद्याचं ट्यूनिंग इलेक्ट्रॉनिक यंत्रात किंवा अ‍ॅपमध्ये अनुक्रमांकासह साठवणं. प्रत्येक पियानोच्या तारांचा कडकपणा वेगळा असल्यामुळे सप्तकं किती ताणायची, म्हणजे वरचे सूर किती चढे आणि खालचे किती उतरे ठेवायचे, हेही वेगळं असतं. ते मोजायला शांतता लागते आणि हॉलमध्ये तेवढी शांतता कधीच मिळत नाही.

कागदपत्रं आणि पेट्या

परदेशी प्रदर्शनाला एटीए कार्ने हा सीमाशुल्काचा दाखला काढला की तात्पुरत्या आयातीवर शुल्क भरावं लागत नाही. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. यादीतला अनुक्रमांक आणि प्लेटवर ट्यूनिंग पिनांजवळ छापलेला अनुक्रमांक तंतोतंत जुळला पाहिजे. एक आकडा चुकला तरी पेटी सीमाशुल्कात अडकते. माहितीपत्रकं, गोंद असा संपणारा माल कार्नेत घालू नका. आणि स्टॉलवरचाच पियानो विकायचा विचार असेल तर सीमाशुल्क दलालाशी आधी बोला, कारण कार्नेवरचा माल मुळात परत न्यायच्या अटीवर आत आलेला असतो.

लाकडी पेट्यांवर आयएसपीएम १५ या, लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवा. म्हणजे साधारणपणे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटं तापवलेला असला पाहिजे. रोजवूडचं व्हेनियर असेल तर साइट्सचे (दुर्मीळ जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) नियम पाहा: डाल्बर्जिया जातीची लाकडं २०१७ च्या जानेवारीत परिशिष्ट दोनमध्ये आली, आणि २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवूड मात्र परिशिष्ट एकमध्ये आहे, त्याला ही सूट लागू नाही. हस्तिदंती पट्ट्यांचा जुना पियानो शोभेसाठी नेण्याचा विचार असेल तर सोडून द्या. एवढ्यासाठी अख्खी खेप अडकवून घेण्यात शहाणपण नाही.

समुद्रमार्गे जाणाऱ्या कंटेनरमध्ये दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकामुळे छतावर पाणी धरून टपकतं. पियानो वाफरोधक पिशवीत बंद करून आत शोषक पुड्या ठेवायच्या, आणि पिशवी हॉलमध्ये पोचल्या पोचल्या फोडायची नाही. पेटीला आधी हॉलच्या तापमानावर येऊ द्या, नाहीतर थंड प्लेटवर आणि तारांवर दव धरतं.

उभा करणं

ग्रँड त्याच्या सरळ, म्हणजे खर्जाच्या बाजूवर आडवा करून फळीला बांधलेला येतो. छोट्याला चार माणसं आणि कॉन्सर्ट ग्रँडला पाच-सहा धरा.

१. आडवा असतानाच टिपेकडचा पुढचा पाय आणि शेपटीकडचा पाय बसवा. स्क्रू हाताने पुरते बसल्यावरच पाना लावा.

२. दोघांनी वरची कड धरून तो सावकाश खाली आणायचा आणि बाकीच्यांनी खर्जाकडचा पुढचा कोपरा तोलून धरायचा. या क्षणी बसवलेल्या पायांवर आडवा जोर आला की पाय किंवा त्याची खोबण फाटते. प्रदर्शनातल्या मोडतोडीत हा प्रकार नेहमीचा. म्हणून वाद्य ढकलायचं नाही, फक्त उचलून टेकवायचं.

३. तिसरा पाय, मग पेडलची लायर (पेडल धरणारी चौकट) आणि तिच्या मागच्या तिरक्या दांड्या. दांड्या विसरल्या तर पेडल दाबताना लायर मागे झुकते आणि कुरकुर सुरू होते.

४. झाकण उघडण्याआधी बिजागऱ्यांच्या पिना जागेवर आहेत का ते हाताने चाचपून पाहा. वाहतुकीसाठी पिना काढलेल्या असतात, आणि त्या नसताना झाकण उचललं की ते सरळ सरकत खाली येतं. ही तपासणी एकाच माणसाकडे सोपवा.

५. गालिच्यावर पितळी चाकांवर ओढत नेऊ नका. जागा बदलायची तर डॉली (चाकांची बुटकी गाडी) आणा.

मग तपासणी. सगळ्या पट्ट्या एकदा हळू, एकदा जोरात. प्रवासाच्या हादऱ्यांनी अ‍ॅक्शनचे स्क्रू ढिले होतात, ते हलक्या हाताने आवळा. अडकणारी पट्टी असेल तर पुढच्या किंवा मधल्या पिनेजवळचं कापड फुगलेलं असतं. पट्टी काढून तिथे पक्कडीनं किंचित दाब दिला की मोकळी होते. हॅमर जड झाला असेल तर त्याच्या सांध्यातलं कापड ओल धरून बसलंय. त्यावर अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाचा एखादा थेंब पुरतो, पण वाळायला रात्र लागते, म्हणून हे काम उद्घाटनाच्या सकाळवर टाकू नका.

रोजचं ट्यूनिंग

पियानो उभा केल्यावर लगेच एक ढोबळ ट्यूनिंग करा, बारीकसारीक न बघता. पक्कं ट्यूनिंग दुसऱ्या दिवशी. त्यानंतर रोज सकाळी हॉल उघडण्याआधी डागडुजी.

इथे आकडेमोड आधीच करा. पूर्ण ट्यूनिंगला दीड तास, डागडुजीला साधारण ४० मिनिटं. स्टॉलवर आठ पियानो असतील तर एका माणसाला नुसत्या डागडुजीला पाच तासांहून जास्त लागतात. लवकर प्रवेशाचे पास मिळाले तरी एवढा वेळ मिळत नाही. म्हणजे एकतर दोन ट्यूनर न्या, नाहीतर वाजवायला खुले पियानो चार आणि बाकीचे फक्त पाहायला, असं ठरवून टाका.

पहिल्यांदा ठरवायचं ते आजचा आधारसूर, म्हणजे मधल्या ए स्वराची सेकंदाला किती कंपनं (हर्ट्‌झ) धरायची ते. ठरलेला सूर ४४० असो वा युरोपात अनेक ठिकाणी धरतात तसा ४४२, वाद्य रात्रीतून चढलं असेल तर ते ओढून खाली आणू नका. ४४० पाशी एका हर्ट्‌झचा फरक म्हणजे जवळजवळ चार सेंट, आणि सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. सगळा पियानो चार सेंट खाली ओढला की सुमारे २३० तारांवर नवा ताण बसतो आणि तो दुपारपर्यंत पुन्हा सरकतो. त्यापेक्षा आज ४४१ धरा, आणि स्टॉलवरचे सगळे पियानो त्याच सुरावर आणा. कुणी दोन वाद्यं एकत्र वाजवली तरी मग ती भांडत नाहीत.

वेळ कमी असेल तर क्रम असा: आधी मधल्या तीन-चार सप्तकांत तिन्ही तारा एकमेकींशी मिळवा. ऐकणाऱ्याला सर्वांत आधी खटकतात ते याच तारांमधले वाव-वाव असे डोल. मग खर्ज आणि मध्य यांचा सांधा, सगळ्यांत शेवटी टिपेचं सप्तक. प्रत्येक तार लावताना दोन-तीन कडक ठोके द्या, म्हणजे ताण तारेच्या सगळ्या भागांत सारखा पसरतो. हळू वाजवून लावलेली तार पहिल्याच जोरकस वादकापुढे उतरते. पिन फिरवायची, वाकवायची नाही. वाकवून मिळवलेला सूर काही मिनिटांत परत जातो.

गोंगाटात कानावर विसंबू नका. साठवलेलं ट्यूनिंग उघडा, प्लेटवर चिकटणारा सेन्सर लावा आणि प्रत्येक सुराची एक तार त्यानं लावून बाकीच्या दोन कान जवळ नेऊन तिच्याशी मिळवा. फोर्कलिफ्ट चालू असताना याशिवाय दुसरा इलाज नाही.

रात्री झाकण बंद, तारांवर लोकरी आच्छादन, वरून पांघरूण. दिवसा कुणी तारांना हात लावला तर लगेच कोरड्या कापडानं पुसा. घामाचे ठसे खर्जाच्या तांब्यावर काळे पडतात आणि पोलादावर गंज धरतात. पॉलिशवरचे ठसे किंचित ओल्या मायक्रोफायबरनं जातात. सिलिकॉनचा स्प्रे स्टॉलवर आणूच नका; तो पिनांपर्यंत पोचला की त्रास, आणि पुढे पॉलिशची दुरुस्ती करायची झाली तर नवा थर धरत नाही.

हत्यारांच्या पेटीत नेहमीच्या सामानाखेरीज १३ ते २० नंबरच्या तारा, म्हणजे साधारण ०.८ ते १.१ मिलिमीटर जाडीच्या, हॅमरच्या दोन-तीन दांड्या, गोंद, रबरी पाचरी आणि पेडलचे स्प्रिंग हवेत. टिपेची तार तुटली तर नवी घाला, पण ती दिवसभर उतरत राहणार. तिच्याजवळ रबरी पाचर खोचून मुकी ठेवा. उरलेल्या दोन तारांवर सूर बेमालूम चालतो.

विकत घेणाऱ्यानं

समोरचा पियानो निवडून, कारखान्याच्या सर्वांत हुशार कारागिराकडून तयार करून आणलेला आहे, हे धरून चाला. तुम्हाला तपासायची आहे ती बांधणी, तयारी नव्हे. शक्यतो सकाळी लवकर या किंवा शेवटच्या अर्ध्या तासात.

ग्रँडच्या खाली वाका. साउंडबोर्डच्या खालून, सर्वांत लांब रिबच्या (फळीला खालून चिकटवलेल्या लाकडी दांडीच्या) समांतर, एक दोरा दोन टोकांना ताणून धरा. मधोमध फळी आणि दोरा यांत फट दिसली म्हणजे फुगवटा शाबूत आहे. फळी सलग स्प्रूसची की थरांची हे विचारा, आणि उत्तर ऑर्डरवर लिहून घ्या. थरांची फळी वाईट असते असं नाही. हवेतल्या बदलाला ती जास्त टिकते. पण सलग म्हणून थरांची घेणं, हे चालणार नाही.

उजवं पेडल दाबून धरा आणि मधल्या पट्टीच्या पुढच्या कडेवर ५० ग्रॅमच्या आसपास वजन ठेवा. पट्टी सावकाश खाली गेली पाहिजे, आणि निदान २० ग्रॅम वजन ती वर उचलू शकली पाहिजे. मग सगळ्या पट्ट्या अगदी हळू, कुजबुजल्यासारख्या वाजवत जा. ज्या वाजत नाहीत तिथे अ‍ॅक्शन असमान आहे.

खरी परीक्षा पाचव्या-सहाव्या सप्तकात होते. स्वस्त वाद्यांचा सूर इथे लवकर मरतो. पट्टी दाबून धरा, सेकंद मोजा. सूर आखूड वाटला तर तीच तार नखानं छेडा. छेडल्यावर सूर लांब टिकला तर दोष हॅमरचा, तो दुरुस्त होतो. छेडूनही तितकाच लवकर विझला तर दोष साउंडबोर्डचा किंवा घोडीचा आहे, आणि त्यावर विक्रेत्याच्या हातात काहीही नाही. गोंगाटात हे झाकणाखाली डोकं घालून करावं लागलं तरी लाजू नका.

सौदा करताना पेटी उघडल्यावर पियानो कोणत्या अवस्थेत मिळणार ते लिहून घ्या: सूर किती, अ‍ॅक्शनची मापं कोणती, वाफरोधक पिशवी आहे की नाही. पहिल्या खेपेतले पियानो प्रदर्शनातले नसून गोदामातून सरसकट उचललेले असावेत आणि त्यांचे अनुक्रमांक आधी कळावेत, अशी अट घाला. दर एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतचा) आहे की सीआयएफ (विमा आणि जहाजभाडं धरून), वॉरंटीत मजुरी धरली आहे का, विक्रीची हद्द कोणाची आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील, हेही त्याच कागदावर.

आवरताना

शेवटच्या दिवशी घाई असते आणि मोडतोड तेव्हाच होते. उतरवण्याचा क्रम उलटा: झाकण बंद करून बांधा, बिजागऱ्यांच्या पिना काढा, लायर, मग खर्जाकडचा पुढचा पाय, कोपरा फळीवर टेकवून वाद्य आडवं करा आणि नंतर उरलेले दोन पाय. स्क्रू आणि पिना कापडी पिशवीत घालून ती लायरला बांधा, पियानोच्या आत टाकू नका. सुटलेला एक स्क्रू पट्ट्यांखाली गेला की पुढच्या स्टॉलवर अख्खी अ‍ॅक्शन बाहेर काढावी लागते. कार्नेवर निर्गमनाचा शिक्का बसल्याची खात्री झाल्याशिवाय ट्रक सोडू नका.